गच्चीवरचा वानप्रस्थ

वानप्रस्थाला निघालेल्या माणसाला टेबलफॅन लागत नाही, एवढंच बाईंचं म्हणणं होतं. त्या घटकेला फॅन जिन्याच्या मधल्या पायरीवर होता, त्याची मान मास्तरांच्या हातात आणि वायर बाईंच्या. ओढत कोणीच नव्हतं, पण सोडतही नव्हतं. खालच्या पायरीवर त्यांचा मुलगा मास्तरांची उशी घेऊन उभा होता, आणि उशीवरून आपण कोणाच्या बाजूचे ते ठरू नये म्हणून त्याने ती पाठीमागे धरली होती.

मास्तर म्हणजे तळमजल्यावरच्या शिंपीकामाच्या दुकानाचे मालक आणि बाईंचे यजमान. भांडतानाही ते आवाज चढवत नसत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की माणसाच्या जन्माला चार आश्रम असतात. पहिल्यात शिकायचं, दुसऱ्यात संसार करायचा, तिसरा वानप्रस्थ, म्हणजे सगळ्यातून अंग काढून वनात जाऊन राहायचं, आणि चौथा संन्यास. आपले पहिले दोन झाले. तिसऱ्यासाठी पूर्वी वनं होती. आता जवळपास एकही नाही, तेव्हा गच्चीवरच्या खोलीवर भागवायला हवं. वनात झाडांचा वारा असतो, खोलीत नसतो. म्हणून फॅन.

"आणि वनात लोक दुसऱ्याची खोली रिकामी करून राहायला जायचे का?" बाईंनी विचारलं.

भांडणाची मूळ गाठ ही होती. गच्चीवरची खोली बाईंची होती. घरात कोणतं कपाट कोणाचं आणि कोणती खिडकी कोणाची हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं, तशी ती बाईंची होती. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथे बसून कोटांची काजं हाताने करत आल्या होत्या. खोलीला उत्तरेची मोठी खिडकी. ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर एकसारखा. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा तर असाच उजेड लागतो. घरातल्या बाकी कुठल्याही खोलीत काळ्यावर काळं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

मास्तर म्हणाले, काजं काय, कुठेही बसून करता येतील. वैराग्य कुठेही बसून करता येत नाही. शास्त्रातच सांगितलंय, की केस पिकले आणि नातवाचं तोंड पाहिलं की माणसानं निघावं.

नेमकी त्याच वेळी सून दारात उभी होती. ती दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याच्या आणि नंबर लावण्याच्या कामाला होती आणि दिवसभर लोकांच्या कळा ऐकून घरी येत असे. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती थांबली आणि म्हणाली, म्हणजे बाबांचा खोळंबा माझ्यामुळे झालाय तर. मास्तर गडबडले. त्यांनी घाईने निर्वाळा दिला, की दोन्ही अटी लागत नाहीत, केस पिकले तरी पुरतं. मुलाने उशी आणखी मागे लपवली. इतक्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, बाईंनी वायर सोडली आणि आत धावल्या. फॅन वर गेला.

मास्तरांना मोठ्या शब्दांची आवड लहानपणापासूनची. वडील लवकर गेल्यामुळे ते मामाच्या दुकानात वाढले. मामा शिंपी, आणि त्याला प्रवचनांचा नाद. संध्याकाळी दुकान बंद करून तो भाच्याला बरोबर न्यायचा. भाचा दिवसभर बटणं लावून इतका दमलेला असायचा, की मामाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून जायचा. अर्थ झोपेत हरवत गेला, शब्द तेवढे कानात राहिले. पुढे स्वतःचं दुकान थाटल्यावर मास्तरांनी ते सगळे कामाला लावले. उरलेल्या कापडाचा तुकडा ते कधी टाकत नसत, तसंच शब्दांचं.

सांगितलेल्या दिवशी कोट तयार नसला, की ते गिऱ्हाइकाचं प्रारब्ध. धुतल्यावर कापड आटलं, की माया. विजार कंबरेत घट्ट झाली, की पूर्वसंचित. कपडे शिवायला टाकून जो माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, तो मोक्षाला गेला असं समजून त्याचा सदरा खुंटीवरून माळ्यावर जाई. लोक चिडून येत आणि हसत जात. अर्थात नुसत्या बोलण्यावर कोणी दुसऱ्यांदा येत नाही. मास्तरांचा हात कापण्याचा होता. त्यांनी कापलेल्या कोटाचा खांदा त्यातल्या माणसाच्या खांद्यापेक्षा शहाणा असे. एक बाजू झुकलेली माणसं, पोक आलेली माणसं, त्या कोटात शिरली की सरळ होत. खुद्द मामाने मरण्यापूर्वी कबूल केलं होतं, की खांदा भाच्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो. मामा स्तुती करणाऱ्यांतला नव्हता, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

काज मात्र मास्तरांना कधी जमलं नाही. बाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्यांनी यजमानांनी केलेलं एक काज पाहिलं आणि अदबीने विचारलं, की ही कसली जखम शिवलीय. मग मामाकडून त्या स्वतः शिकल्या. तेव्हापासून मास्तर कापून कोट उघडत आणि बाई काजं करून तो मिटवत. मास्तर दिवसभर बोलत आणि बाई दिवसभर वरच्या खोलीत गप्प बसून टाके घालत. संसार चांगला चालला याचं कारण मधला जिना, असं बाई म्हणत.

हे सगळं एका कोटावरून बिघडलं. शहरातल्या एका वाद्यवृंदाने वादकांसाठी काळे कोट शिवायला दिले होते, काजं हाताची हवीत अशी अट घालून. त्यांतल्या व्हायोलिनवाल्याच्या कोटाला मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या.

शिंपीकाम न करणाऱ्याला हे अशक्य वाटेल, पण होतं असं. बाह्या कापताना कापड दुमडून, सुलट बाजू समोरासमोर ठेवून, दोन्ही एकदम कापायच्या. मग एक आपोआप डावी होते आणि एक उजवी. कापड एकेरी पसरलं आणि नमुना उलटा करायचं विसरलं, की दोन्ही एकाच हाताच्या. नवशिका पोरगा पहिल्या वर्षी हे करतो आणि आयुष्यभर पुन्हा करत नाही. मास्तरांनी ते केस पिकल्यावर केलं. बाह्या अगदी सुंदर कापलेल्या होत्या. व्हायोलिनवाल्याला दोन डावे हात असते, तर त्याला त्याहून बरा कोट जन्मात मिळाला नसता.

मुलाने त्या बाह्या पाहिल्या, काही बोलला नाही. दुसरं कापड आणलं, स्वतः कापलं, आणि त्या दिवसापासून सकाळी मास्तर दुकानात यायच्या आत कात्री हातात घेऊ लागला. बाईंना कळलं, सुनेला कळलं. सगळे इतक्या समजूतदारपणे वागू लागले, की घरात कोणी आजारी आहे असं वाटावं. आणि एका संध्याकाळी मास्तरांनी वैराग्य आल्याचं सांगितलं.

वानप्रस्थाची कल्पना घड्याळवाल्यांनी पुरवली होती. समोरच्या रांगेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंतभर बंद पडलेली घड्याळं आणि भरपूर वेळ, त्यामुळे वाचन चांगलं. आता ते रोज दुपारी वर येऊ लागले. याला मास्तर सत्संग म्हणत. सत्संगाला चहा लागे. चहा खालून वर न्यावा लागे, आणि तो बाई नेत, कारण मुलगा कोटांत बुडाला होता आणि सून दवाखान्यात.

मास्तरांनी त्यागालाही सुरुवात केली. साखर सोडली, ती डॉक्टरांनी आधीच सोडायला सांगितली होती. दाढी रोज करणं सोडलं. बाजारात पिशवी घेऊन जाणं सोडलं. वर्तमानपत्र सोडलं, पण कठड्यावरून वाकून मुलाला विचारत, की आज काय काय झालं. सुनेने एकदा हसत विचारलं, की बाबांनी अजून काय काय सोडलंय.

"आवडीचं सोडतात त्याला त्याग म्हणतात," बाई म्हणाल्या. "नावडतं सोडतात त्याला आळस म्हणतात."

पण बाईंना हसू येईनासं झालं होतं. त्यांनी काजांचा पसारा स्वयंपाकघरात आणला होता. डोक्यावर ट्यूबलाइट, शेजारी ओटा. काळा दोरा काळ्या कापडात शिरला, की पुढचा टाका अंदाजाने. एका कोटाची काजं त्यांना उसवावी लागली. उसवलेलं काज म्हणजे कापडाला पडलेलं भोक, ते पुन्हा पहिल्यासारखं कधी होत नाही. बाईंनी तोवर आयुष्यात कधी काज उसवलं नव्हतं. संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून त्या पडून राहिल्या आणि सुनेने विचारलं तर म्हणाल्या, कांदा चिरला. स्वयंपाक त्या दिवशी सुनेने केला होता, आणि त्यात कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई चहा न घेता वर गेल्या. हातात कोट, सुई आणि दोऱ्याचं रीळ, बोटात अंगुस्तान. खोलीत घड्याळवाले मोह या विषयावर आले होते आणि मास्तर गादीवर आडवे होऊन मान डोलवत होते. बाई सरळ खिडकीपाशी आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि कोट मांडीवर पसरला.

"भाऊजी, दुकान उघडं टाकून आलात?"

घड्याळवाले म्हणाले, की वहिनी, काळ कोणासाठी थांबत नाही.

"तुमच्या भिंतीवर तर सगळाच थांबलाय. जा, बघून या एकदा."

घड्याळवाले चांगले गृहस्थ होते. निरोप कळला तेव्हा ते उठले, आणि जाताना मोहाचा उरलेला भाग उद्या असं पुटपुटलेही नाहीत.

बाईंनी सुईत दोरा ओवला. पहिल्या खेपेलाच ओवला गेला. थोडा वेळ त्या टाके घालत राहिल्या. मास्तरांनी कूस बदलली.

"दोन डाव्या बाह्या कापल्या म्हणून कोणी वनात जात नाही," बाई म्हणाल्या.

हे वाक्य घरात तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. मास्तर आधी म्हणाले, की त्याचा काही संबंध नाही, आपलं मनच उडालंय. बाई म्हणाल्या, मन उडालेला माणूस रोज सकाळी कठड्याला कान लावून बसत नाही. हे खरं होतं. खाली मुलगा कापायला लागला, की मास्तर गच्चीच्या कठड्यापाशी जात. कात्री दुमडीवर चाललीय की एकेरी कापडावर, हे त्यांना आवाजावरून कळे, आणि मुलगा खांद्याच्या वळणाशी आला की कात्री अडखळते तेही कळे. तिथे ती अडखळली, की मास्तरांचा हात आपोआप हलत असे. बाईंनी तो खालून पाहिला होता.

मास्तर उठून बसले. बराच वेळ त्यांनी एकही मोठा शब्द वापरला नाही.

"त्यानं एक शब्द काढला नाही," ते म्हणाले.

"कोणी?"

"पोरानं. दुसरं कापड आणलं, कापलं, आणि माझ्यासमोर चहा ठेवला." ते थांबले. "तो शिकत होता तेव्हा त्यानं खिसा उलटा लावला होता. मी त्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर झाडला होता. तुला आठवतं ना. शिंप्याची चूक झाली की त्याला बोलतात. म्हाताऱ्याची चूक झाली की त्याला चहा देतात."

बाईंनी सुई कोटात टोचून ठेवली, खिडकीतून वाकल्या आणि मुलाला हाक मारली.

मुलगा धावत वर आला, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. वडिलांचं काही बरंवाईट झालं असावं, अशा तयारीने आला होता. मास्तर धडधाकट बसलेले पाहून त्याने टाचणी तोंडातून काढली.

"यांना बोल," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"दोन डाव्या बाह्या कापल्या, त्याबद्दल बोल."

मुलगा लाल झाला. म्हणाला, जाऊ दे ना आई, होतं कधी कधी. मास्तरांनी बाईंकडे नुसतं पाहिलं, आणि त्या पाहण्यात ऐकलंस ना एवढंच होतं. बाईंनी मुलाला विचारलं, की दुकानात ठेवलेल्या कारागिराने हे केलं असतं तर काय म्हणाला असतास.

मुलाने सुरुवात अगदी हळू केली. म्हणाला, की त्या रंगाचं कापड संपलं होतं. ते शोधायला तो गावभर हिंडला. जे मिळालं ते मूळच्यापेक्षा जरासं निळसर. मापाला आला तेव्हा व्हायोलिनवाला दिव्याखाली उभा राहून बाही निरखत होता आणि इकडे आपल्या पाठीला घाम फुटला होता. इथवर तो जमिनीकडे बघून बोलत होता. मग त्याने वर पाहिलं.

"कापड एकेरी पसरून कापतात का, बाबा? सुलट बाजू समोरासमोर, हे मला कोणी शिकवलं? एकदा चूक झाली तर झाली, पुढचा कोट दुमडून कापायचा होतात. पण नाही. वर येऊन पंखा लावून बसलात आणि म्हणे वैराग्य. खाली ढीग पडलाय कोटांचा. आणि मला खांदा जमत नाही. कितीही केलं तरी मला खांदा जमत नाही."

तो थांबला. आपण इतकं बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण त्याने हातातली टाचणी पुन्हा तोंडात ठेवली.

"खांदा जमत नाही म्हणजे?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हती अशी तरतरी आली होती. "कुठे अडतं? मागच्या भागाला की पुढच्या? जा, घेऊन ये एक."

मुलगा कोट आणायला निघाला. जिन्याच्या तोंडाशी तो वळला आणि टाचणीच्या बाजूने म्हणाला, की पुन्हा एकेरी कापलंत तर हातातली कात्री काढून घेईन, सांगून ठेवतो.

"घे," मास्तर म्हणाले. कोणी मोठं बक्षीस दिल्यासारखं म्हणाले.

तो दिवस मग खांद्यातच गेला. कोट गादीवर अंथरला गेला, खडूच्या रेघा पुसल्या गेल्या, पुन्हा ओढल्या गेल्या, गादीवर खडूचे डाग पडले. मास्तर मुलाला मूर्ख म्हणाले, मुलगा मास्तरांना हट्टी म्हणाला. बाई खिडकीपाशी काजं करत राहिल्या. मधेच मास्तरांनी एक तडजोड सुचवून पाहिली. सकाळी दुकान, आणि दुपारनंतर वानप्रस्थ, या खोलीच्या कोपऱ्यात, अगदी कोणाला अडचण न होता. बाई म्हणाल्या, की तुमचा कोपरा मला माहीत आहे, तो वाढत जातो. मास्तरांनी मग सुचवलं, की निदान सत्संग तरी. बाईंनी दातांनी दोरा तोडला.

संध्याकाळी सून कामावरून आली आणि पॅसेजमध्ये उभी करून ठेवलेल्या गादीला धडकली. खडूने माखलेल्या त्या गादीकडे पाहून तिने विचारलं, की हे काय झालंय. मास्तर तोवर ताटावर बसले होते. त्यांनी सांगायला घेतलं, की आश्रमांचा क्रम तसा पक्का नसतो, तिसऱ्यातून दुसऱ्यात परत आलेल्या मोठमोठ्या ऋषींचे दाखले आहेत. उद्या घड्याळवाल्यांना विचारून नेमके सांगतो. मुलगा खाली मान घालून जेवत होता. सुनेने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी सगळ्यांना वाढून झाल्यावर आपलं ताट घेतलं.

"यांची गादी खाली आलीय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून कोट हे कापतील, आणि कात्री लावायच्या आधी दुमड हा बघेल. घड्याळवाल्यांना चहा त्यांच्या दुकानात मिळतो. वरच्या खोलीला मी कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे राहील."